अलिबागची खरेदी : आधी हंगाम ओळखा, मग पिशवी उघडा

समुद्रकाठच्या गावी चार दिवस राहून परतताना रिकाम्या हाताने यायचे नाही, हा मराठी घरांतला जुना रिवाज आहे. शेजारच्या बिऱ्हाडी, लेकीच्या सासरी, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडे काही ना काही 'तिकडचे' पोहोचते करावे लागते. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, विशेषतः चेंबूर परिसरातील कुटुंबांसाठी हे 'तिकडचे' गाव बहुतेक वेळा अलिबाग असते. सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येते, दोन रात्री राहून रविवारी संध्याकाळी परतता येते. परतीच्या गाडीत कांद्याच्या माळा, सोड्यांची पुडी, आमसुले आणि कोकमाच्या बाटल्या असतात. मात्र यांपैकी खरोखर अलिबागचे किती आणि अलिबागमध्ये केवळ विकले गेलेले किती, हा प्रश्न सुट्टीच्या उत्साहात सहसा विचारला जात नाही.

'मी काय अलिबागहून आलो आहे का?' हा वाक्प्रचार मुंबईकरांच्या तोंडी पूर्वापार आहे. अलिबागहून आलेला म्हणजे भोळा, सहज फसणारा, असा त्याचा रोख. या वाक्प्रचारावर बंदी घालावी, अशी मागणी करणारी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती आणि न्यायालयाने ती फेटाळली. आजच्या अलिबागच्या रस्त्यांवर मात्र हे चित्र नेमके उलट दिसते. मुंबईहून आलेला शहाणासुरता ग्राहक नाव विचारतो, हंगाम विचारत नाही आणि भलताच माल दुप्पट दराने घेऊन जातो. ही चूक टाळण्यास उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र दिली आहे.

जाण्याच्या वाटेवरच बाजार

चेंबूरहून अलिबागला जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला रस्त्याचा. मैत्री पार्कच्या थांब्यावर एसटी पकडून किंवा स्वतःच्या वाहनाने मानखुर्द, वाशी खाडीपूल, पनवेल, कर्नाळा, पेण आणि वडखळ असे जाता येते. वडखळला गोव्याचा महामार्ग सोडून उजवीकडे वळले की पोयनाड आणि कार्लेखिंडीमार्गे अलिबाग येते. दुसरा मार्ग जलमार्गाचा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला वाहनांसह नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. पूर्व मुक्तमार्गामुळे चेंबूरकरांना भाऊचा धक्का आता जवळ वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाल्यापासून रस्त्याच्या प्रवासालाही आणखी एक पर्याय मिळाला आहे.

कोणता मार्ग घेतला यावर खरेदीचे स्वरूप पुष्कळसे ठरते. रस्त्याने जाणाऱ्याला पेण लागते. गणेशमूर्तींसाठी जगभर नाव असलेले हे गाव पोह्यांचे पापड आणि मिरगुंडे यांसाठीही ओळखले जाते. पुढे कार्लेखिंड, कार्ले, खंडाळे हा पांढऱ्या कांद्याचा पट्टा रस्त्यालगतच आहे. बोटीने जाणाऱ्याला यांतले काही लागत नाही. मांडव्याहून चोंढी, झिराड, थळ, वरसोली असे किनाऱ्याकिनाऱ्याने तो अलिबागला येतो आणि त्याच्या वाटेवर कोळीवाडे येतात. सोडे, सुकट आणि ताजी मासळी यांसाठी ही वाट अधिक उपयोगी. शक्य असल्यास एका वाटेने जावे आणि दुसऱ्या वाटेने परतावे, म्हणजे दोन्ही बाजार पाहून होतात.

चेंबूर आणि अलिबाग यांच्यात आणखी एक धागा आहे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचा एक खतकारखाना चेंबूरच्या ट्रॉम्बे भागात, तर दुसरा अलिबागजवळ थळ येथे आहे. कंपनीची वसाहत चेंबूरला आहे, तशीच अलिबागलगतच्या कुरूळ येथेही आहे. कारखान्याशी संबंधित कुटुंबांना त्यामुळे दोन्ही गावे ठाऊक असतात आणि कांदा कोणाकडे घ्यावा, हे सांगणारे माणूस चेंबूरमध्येच सापडण्याचा संभव असतो. असा ओळखीचा सल्ला हाताशी असल्यास तो अवश्य घ्यावा.

बाजारपेठेचा पूर्वेतिहास

अलिबाग हे मूळचे आंग्र्यांचे गाव. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात ते नावारूपाला आले. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी गावातच आहे. त्यांनी पाडलेल्या चांदीच्या नाण्याला 'अलिबागी रुपया' म्हणत. स्वतःचे नाणे असलेल्या या बंदराची बाजारपेठ किती नांदती असेल, याची कल्पना त्यावरून येते. गावाच्या नावाविषयी अशी आख्यायिका सांगतात, की अली नावाच्या एका सधन बेने इस्रायली गृहस्थाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या आणि 'अलीची बाग' यावरून अलिबाग हे नाव रूढ झाले.

बेने इस्रायली समाजाचा या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. कोकणातील गावांमधून तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. अलिबागची इस्रायल आळी आणि तेथील प्रार्थनामंदिर आजही पाहता येते. खरेदीच्या फेरीतून अर्धा तास काढून ही आळी अवश्य पाहावी. ज्या गावात माल कोणत्या वारी मिळणार नाही हे सर्वांना ठाऊक असे, त्या गावच्या बाजाराची शिस्त कशी असेल याचा अंदाज तेथे येतो. पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९८१ पासून रायगड हे नाव मिळालेल्या जिल्ह्याचे अलिबाग हे मुख्य ठिकाण आहे. त्यामुळे येथील पेठ केवळ पर्यटकांसाठी नाही. आसपासच्या गावांतील लोक रोजच्या गरजेसाठी तेथे येतात. स्थानिक माणूस ज्या दुकानी उभा आहे तेथे आपणही उभे राहावे, हा साधा नियम येथे चांगला उपयोगी पडतो.

पांढरा कांदा

अलिबागच्या खरेदीत पहिला मान पांढऱ्या कांद्याचा. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्येही या पिकाचा उल्लेख आढळतो. अलीकडच्या वर्षांत त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत हा कांदा लावतात. जमिनीत उरलेली ओल आणि मर्यादित पाणी यांवर तो वाढतो. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव ही त्याची प्रमुख गावे. शेतकरी पुष्कळदा बियाणेही घरचेच राखतात. चवीला हा कांदा गोडसर, तिखटपणा कमी, म्हणून कच्चा खाण्यास उत्तम.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून नवा कांदा दिसू लागतो आणि मार्च ते मे हा त्याचा भर हंगाम. पातीसकट उपटलेला कांदा वाळवून, पातीची वेणी घालून त्याच्या माळा करतात. हे काम बहुतांशी घरातल्या स्त्रिया करतात आणि त्यास हातोटी लागते. माळ ही केवळ शोभा नव्हे. वेणीत गुंफलेल्या कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे तो सडत नाही.

पांढरा कांदा देशात इतरत्रही पिकतो. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातले महुवा हे त्याचे मोठे केंद्र असून तेथील कांदा मुख्यतः निर्जलीकरणाच्या कारखान्यांना लागतो. बाहेरचा पांढरा कांदा अलिबागच्या नावाने विकला जातो, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. ग्राहकाने पुढील गोष्टी पाहाव्यात. कांदा मध्यम वा लहान आकाराचा असावा. पात वाळलेली पण शाबूत असावी आणि वेणी तिचीच असावी. सुतळीने ओवलेले किंवा मान छाटलेले कांदे असल्यास चौकशी करावी. एक कांदा फोडून चाखण्यास मागावा. खऱ्या शेतकऱ्याला त्याचा राग येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महिना पाहावा. ऑक्टोबरमध्ये 'नवा अलिबागी कांदा' म्हणून कोणी माळ पुढे केली, तर ती नवी असूच शकत नाही.

माळेचे वजन ठरलेले नसते. लहान-मोठ्या माळांचे दर वेगळे असतात, म्हणून किंमत ठरवण्यापूर्वी वजन विचारावे. घरी आणल्यावर माळ हवेशीर जागी, उन्हापावसापासून दूर टांगावी. बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कांदा कोंडल्यास आठवड्याभरात त्याला पाणी सुटते.

सुकी मासळी आणि आगोटीची बेगमी

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्याला लागतात आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर शासनाची बंदी असते. या काळासाठी सुकी मासळी, तांदूळ, कडधान्ये, मसाले भरून ठेवणे म्हणजे आगोटीची खरेदी. शहरात शीतकपाट आले तरी ही सवय पूर्णपणे गेलेली नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अलिबाग परिसरातील कोळीवाड्यांत सुक्या मासळीचा बाजार सर्वाधिक गजबजलेला असतो.

प्रकार अनेक आहेत. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलीम; त्याची चटणी भाकरीबरोबर खातात. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या मांडणीवर जोडीजोडीने टांगून सुकवतात. सोलून सुकवलेल्या कोळंबीला सोडे म्हणतात. सर्व सुक्या मासळीत सोडे महाग, कारण सोलण्याचे काम हाताने करावे लागते आणि ताज्या कोळंबीचे वजन सोलून सुकवल्यावर फारच थोडे उरते. अलिबाग-पेण भागातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत सोड्यांच्या खिचडीचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. याखेरीज वाकट्या, सुके बांगडे आणि खारवलेली मोठी मासळीही मिळते.

पारख करताना पहिली गोष्ट हाताची. सोडा बोटांत दाबल्यास कडक लागावा. लवचीक असला तर त्यात ओल आहे, तो घरी नेईपर्यंत बुरसेल. रंग एकसारखा भडक नारिंगी असल्यास सावध व्हावे. नैसर्गिक सोड्यात फिकट-गडद छटा असतात. अंगावर मिठाचा पांढरा थर असेल तर वजनात मीठही मोजले जात आहे, हे जाणावे. बोंबील वलांडीवरचा असेल तर त्याला वाळू लागत नाही. जमिनीवर सुकवलेला धुताना वाळू सोडतो. सुक्या मासळीला वास असणारच, पण तो डोळ्यांत चुरचुरणारा, नवसागरासारखा नसावा.

येथे आणखी एक व्यवहार्य गोष्ट चेंबूरकरांनी लक्षात ठेवावी. चेंबूरच्या उशाशीच माहूल आणि ट्रॉम्बे येथे कोळीवाडे आहेत. नेहमीच्या वापराचा जवळा किंवा बोंबील तेथेही मिळतो. अलिबागहून वजन वाहून आणायचे असेल, तर जे घराजवळ सहज मिळत नाही तेच आणावे. या दृष्टीने सोडे अधिक श्रेयस्कर.

घरी आल्यावर सुकी मासळी पुन्हा एकदा कडक उन्हात घालावी आणि थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम असताना डबा लावल्यास आत वाफ धरते आणि सारे मुसळ केरात जाते.

कोकम, आंबा, काजू

ही तीन नावे कोकणाशी जोडलेली असल्याने अलिबागच्या प्रत्येक दुकानात दिसतात. मात्र कोकणाची किनारपट्टी लांबलचक आहे आणि प्रत्येक जिन्नस तिच्या प्रत्येक भागात सारख्याच प्रमाणात पिकत नाही.

कोकमाची मोठी लागवड रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे आणि भौगोलिक मानांकनही त्याच दोन जिल्ह्यांच्या नावे आहे. रायगडातही झाडे आहेत, परंतु अलिबागच्या दुकानांतील बाटल्यांवरचा पत्ता वाचल्यास त्या पुष्कळदा दक्षिण कोकणातून आल्याचे कळते. त्यात गैर काही नाही. फक्त ते जाणून घ्यावे. आगळ आणि सरबत यांतला फरकही समजून घेणे जरूर आहे. आगळ म्हणजे पिकलेल्या कोकमांचा मिठात राखलेला रस, तो सोलकढीसाठी. सरबताचा अर्क साखरेतला. सोलकढीसाठी म्हणून साखरेची बाटली घरी आणणारे ग्राहक कमी नाहीत. आमसूल म्हणजे कोकमाच्या सालींना रस आणि मीठ यांची पुटे देऊन सुकवलेला प्रकार. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते. म्हणून मेअखेरीस मिळणारे आमसूल नवे, मऊसर असते. फेब्रुवारीतले मागील वर्षाचे. जुने आमसूल वाईट नसते, मात्र त्याला नव्याचा भाव देऊ नये.

हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांचा समावेश झाला. म्हणजे अलिबागच्या बागेतला हापूस हाही कायद्याने हापूसच. त्याला देवगड किंवा रत्नागिरीचे नाव लावण्याची गरज नाही, आणि लावलेले असल्यास ते का लावले हे विचारावे. रायगडचा आंबा दक्षिणेकडच्या आंब्याच्या मागून तयार होतो. मेमध्ये अलिबागला जाणाऱ्याने थेट वाडीतून, अढीतला आंबा घ्यावा. गवतात रचून पिकवलेल्या आंब्याला सुवास देठाजवळ आधी येतो. बाहेरून पिवळाधमक आणि आत कडक असलेला आंबा रसायनाने पिकवलेला असण्याची शंका घ्यावी. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने मनाई आहे.

काजूच्या बाबतीत अपेक्षा आणखी आवरावी. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे आणि गोव्याचा काजूही प्रसिद्ध आहे; अलिबाग हे काजूचे गाव नव्हे. शिवाय भारतातील काजू कारखाने कच्चा माल मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतून आणतात. तेव्हा अलिबागेत काजू घेताना दर्जा आणि दर पाहावा, गावाच्या नावाचे पैसे देऊ नयेत.

कडवे वाल, पोह्यांचे पापड, नारळ-सुपारी

पर्यटकांच्या यादीत सहसा नसलेल्या, पण खऱ्या अर्थाने या मातीच्या अशा काही वस्तू आहेत. भातानंतरच्या ओलीवर येणारे कडवे वाल हे त्यांतले प्रमुख. रायगडच्या थंडीतली पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भाजण्याचा सोहळा, आता पर्यटकांनाही ठाऊक झाला आहे. त्याच पिकाचे सुके वाल फेब्रुवारी-मार्चनंतर बाजारात येतात. वालाची उसळ, म्हणजे बिरडे, करणाऱ्या घराला याहून चांगली भेट नाही. दाणे सारखे, भुंगा नसलेले घ्यावेत आणि वर्षभर ठेवायचे असल्यास उन्हे द्यावीत.

पेणचे पोह्यांचे पापड आणि मिरगुंडे वजनाला हलकी, टिकण्यास चांगली आणि वाटण्यास सोयीची. ती अनेकदा महिला बचत गटांकडून तयार होतात. चौल-रेवदंडा-मुरूड या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये नारळ आणि सुपारी पिकते. सुपारीत श्रीवर्धनी रोठ्याचे नाव मोठे. नारळ घेताना तो कानाशी हलवून पाणी वाजते का पाहावे आणि डोळ्यांजवळ बुरशी नाही याची खात्री करावी.

ज्यांना दुकानांपेक्षा यात्रेतली खरेदी आवडते, त्यांनी कार्तिकात वरसोलीच्या विठोबाची किंवा मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास चौल-भोवाळे येथील दत्ताची यात्रा साधावी. तेथे गावोगावची माणसे स्वतःसाठी खरेदीला येतात; पर्यटकासाठी म्हणून मांडलेला माल तेथे थोडा आणि घरगुती गरजेच्या वस्तू अधिक.

किनाऱ्यावरील शोभेच्या वस्तू

किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांच्या माळा, आरसे, दिवे, पडदे यांच्या टपऱ्या असतात. मुलांचा हट्ट येथे हमखास मोडत नाही. अलिबागचा किनारा काळसर, गाळमिश्रित वाळूचा आहे. टपऱ्यांवरचे मोठे, चकचकीत शंख या वाळूत सापडत नाहीत. ते बाहेरून येतात. हाच माल देशातल्या कोणत्याही किनाऱ्यावर, कधी केवळ गावाचे नाव बदलून, मिळतो. इंग्लंडमधील ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावी साखरेच्या कांडीत आरपार गावाचे नाव कोरून विकण्याची प्रथा आहे. नाव छापता येते, कोठेही छापता येते. कांद्याची चव मात्र छापता येत नाही.

येथे कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ, समुद्रघोडे आणि शंखांच्या काही जातींना संरक्षण आहे. त्यांची विक्रीच नव्हे, खरेदी आणि बाळगणेही गुन्हा ठरू शकतो. कोणता शंख संरक्षित आणि कोणता नाही, हे सामान्य ग्राहकाला ओळखता येणे कठीण. म्हणून प्रवाळाचे तुकडे, वाळवलेले समुद्रघोडे आणि मोठे अपरिचित शंख घेऊच नयेत. मुलांना ओहोटीच्या वेळी वाळूत सापडणारे चार साधे शिंपले पुरेसे असतात.

व्यवहाराच्या काही गोष्टी

वेष्टनातील खाद्यपदार्थावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असावा. तो नसेल तर 'घरगुती' हा शब्द हमी म्हणून पुरेसा नाही. घरगुती उत्पादकालाही नोंदणी करता येते आणि अनेक बचत गटांनी ती केली आहे. तक्रार करावयाची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहे.

ताजी मासळी वाट्यावर मिळते, तेथे घासाघीस रूढ आहे आणि कोळिणीही ती खेळीमेळीने घेतात. मात्र वेणी घातलेल्या कांद्याच्या किंवा सोललेल्या सोड्यांच्या दरात निम्म्याने मागणे उचित नव्हे. त्यात दिवसभराची मजुरी असते. ताजी मासळी न्यायची असल्यास बर्फाचा डबा बरोबर असावा आणि खरेदी परतीच्या अगदी शेवटी करावी. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर निर्बंध आहेत. दोन मोठ्या कापडी पिशव्या आणि सुक्या मासळीसाठी एक झाकणाचा डबा घरूनच न्यावा.

महिन्यांचे गणित

सारांशाने सांगायचे तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा ताज्या मासळीचा, यात्रांचा आणि नव्या तांदळाचा काळ. जानेवारी-फेब्रुवारी वालाच्या शेंगांचा. मार्च ते मे पांढरा कांदा, सुके वाल, आगोटीची सुकी मासळी आणि शेवटी कोकम व आंबा यांचा. जून ते ऑगस्ट या काळात समुद्र पाहण्यास जावे, माल आणण्यास नव्हे. त्या दिवसांत दुकानात जे असते ते बहुतेक आधीच्या हंगामातले. अपवाद फक्त पेणच्या गणेशमूर्तींचा. वर्षभर सारख्याच मुबलकतेने मिळणारी वस्तू त्या गावची असेलच असे नाही, हे सूत्र अलिबागप्रमाणे मुरूड, गणपतीपुळे, मालवण आणि गोवा येथेही लागू पडते.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासूनचा. तो नावाला संरक्षण देतो. पण कार्लेखिंडीच्या रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या प्रत्येक टोपलीपाशी निरीक्षक उभा राहू शकत नाही. तेथे गाडी थांबवणारा ग्राहक हाच निरीक्षक. अलिबाग परिसरात शेतजमिनींवर बंगले आणि विश्रामगृहे उभी राहत आहेत. खाचरात कांदा लावावा की खाचर विकावे, हा विचार येथील शेतकऱ्याला दरवर्षी करावा लागतो. बाहेरच्या कांद्याला अलिबागचा भाव मिळू लागला, तर अलिबागच्या कांद्याला शेत उरणार नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाने एक कांदा फोडून चाखला, महिना मोजला आणि माळ गुंफणारीच्या हाती पैसे दिले, तर त्या खाचराला आणखी एक वर्ष मिळते.